एका उगमाचे पाणी : डिस्कविहीन संगणक आणि त्याच्या नूतनीकरणाचा इतिहास



इतिहास म्हटला की लढाया, तह आणि राज्यारोहणे एवढेच डोळ्यांपुढे यावे, अशी आपणास सवय लागली आहे. परंतु ज्या वस्तूंवर माणसाचा रोजचा व्यवहार चालतो, त्या वस्तूंनाही इतिहास असतो. आणि त्या बिघडल्या म्हणजे हा इतिहास ठाऊक असणाऱ्यालाच पुष्कळदा बिघाडाचे मूळ सापडते. आज अशाच एका वस्तूविषयी बोलावयाचे योजिले आहे. ती वस्तू म्हणजे स्वतःची डिस्क नसलेला, तारेवरून दुसऱ्याकडचे उसने घेऊन चालू होणारा संगणक. अशा संगणकावरील प्रणाली नवी करावयास जावे तर नेमके काय बिघडते, का बिघडते, आणि ते शोधावे कसे, हा माझा विषय आहे.

विषय प्रथमदर्शनी परका वाटेल. परंतु ज्या नगरीत आपण जमलो आहोत, तेथील माणसास तो परका वाटण्याचे कारण नाही. मलिक अंबराने १६१० साली खडकी वसविली. पुढे तिचे फतेहनगर झाले, मग औरंगाबाद झाले, आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर हे नाव रूढ झाले. नावे बदलली, पण पाण्याचा प्रश्न पहिल्या दिवसापासून तोच राहिला. तो सोडविण्यासाठी अंबराने उत्तरेकडील डोंगरांच्या बाजूचे जमिनीखालचे पाणी केवळ उताराच्या बळावर शहरात आणले. तीच नहर-ए-अंबरी. पुढच्या काळात आणखी नहरी निघाल्या. पाणचक्कीचे जाते फिरविणारे पाणी त्याच विद्येचे फळ होय. बांधीव भुयारे, मातीचे नळ, मधून मधून तपासणीची तोंडे, हवेचा दाब सुटावा म्हणून उभारलेले बंब, अशी ती सारी रचना होती. आज तिचा बराच भाग मोडला आहे, पण तिने शिकविलेली गोष्ट मोडलेली नाही. ज्या घरी आड नाही, त्या घरास नहरीत काय बिघडले हे नळ कोरडा पडल्यावरच कळते. आणि नळ कोरडा पडला म्हणून नळच खोलून पाहणारा मनुष्य दिवसभर खपूनही पाणी आणू शकत नाही.

डिस्कविहीन संगणक म्हणजे असेच आड नसलेले घर होय.

उसन्या बुद्धीची परंपरा

संगणकाची स्मृती वीज जाताच पुसली जाते. म्हणून चालू होताना काय करावयाचे, कोणती प्रणाली उभी करावयाची, हे त्याला कोठून तरी वाचून घ्यावे लागते. हे ‘कोठून तरी’ म्हणजे बहुधा त्याच्या पोटातील डिस्क. परंतु प्रत्येक यंत्राच्या पोटात डिस्क असावी ही कल्पना तशी अलीकडची आहे. आरंभी यंत्रच एक असे आणि माणसे अनेक. १९६१ साली अमेरिकेत एम.आय.टी. येथे कॉर्बातो यांनी एकच यंत्र अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची रीत प्रत्यक्ष करून दाखविली. प्रत्येकापुढे कळफलक असे, पण बुद्धी मात्र एका खोलीत.

आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली टिफ्रॅक हे यंत्र १९६० साली पूर्ण होऊन कामास लागले, आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे नामकरण केले. १९६४ साली त्याच संस्थेत सी.डी.सी. ३६०० हे मोठे यंत्र आले. देशातील अन्य संस्थांचे संशोधक आपली गणिते छिद्रपत्रांवर उतरवून मुंबईकडे पाठवीत आणि उत्तराची वाट पाहत बसत. यंत्र बंद असले तर वाट पाहणे लांबे. केंद्र एक आणि अवलंबून असणारे अनेक, हे नाते आपल्या देशात संगणकाइतकेच जुने आहे.

पुढे यंत्रे स्वस्त झाली आणि प्रत्येकाच्या मेजावर एक यंत्र ठेवणे शक्य झाले. परंतु सगळेच भाग सारख्या वेगाने स्वस्त झाले नाहीत. १९८० नंतरच्या काही वर्षांत डिस्क हा फार महाग, आवाज करणारा आणि वारंवार नादुरुस्त होणारा भाग होता. १९८२ साली कॅलिफोर्नियात सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी निघाली. तिच्या चार संस्थापकांपैकी विनोद खोसला यांचा जन्म पुण्याचा. ‘सन’ ही अक्षरे ‘स्टॅन्फर्ड युनिव्हर्सिटी नेटवर्क’ या शब्दांवरून घेतलेली. म्हणजे या कंपनीच्या नावातच जाळे होते. तिने दशकाच्या मध्यास सन-३/५० सारखी यंत्रे विकावयास काढली. त्यात प्रक्रियक होता, ४ मेगाबाइट स्मृती होती, मोठा पडदा होता; डिस्क मात्र नव्हती. डिस्क एका सामाईक सर्व्हरमध्ये असे आणि तिचे भाग तारेवरून सर्वांना मिळत.

हे घडावयाचे तर पायऱ्या ठरावयास हव्या होत्या. नुकत्याच जाग्या झालेल्या यंत्राला स्वतःचा पत्ताही ठाऊक नसतो. फक्त आपल्या जाळेपत्त्यावर कोरलेला क्रमांक ठाऊक असतो. तो क्रमांक पुकारून ‘माझा पत्ता कोणता?’ असे विचारण्याची रीत जून १९८४ मध्ये ठरली. तिला ‘रार्प’ म्हणतात. सप्टेंबर १९८५ मध्ये क्रॉफ्ट आणि गिलमोर यांनी ‘बूटपी’ आणली. तीत पत्त्याबरोबर ‘कोणत्या सर्व्हरकडून कोणती फाइल आणावी’ हेही कळे. फाइल आणण्याचे काम ‘टीएफटीपी’ नावाच्या अगदी लहानशा नियमावलीने होई. पुढे १९९३ साली बूटपीची जागा ‘डीएचसीपी’ने घेतली, आणि १९९९ पर्यंत इंटेलच्या ‘पीएक्सई’मुळे बाजारातील साध्या यंत्रालाही जाळ्यावरून जागे होता येऊ लागले. चाळीस वर्षे लोटली तरी पायऱ्यांचा क्रम तोच आहे : आधी पत्ता, मग प्रणालीचा गाभा, म्हणजे ज्याला कर्नेल म्हणतात तो, मग मूळ फाइलव्यवस्था, आणि शेवटी इतर सेवा.

विसरभोळेपणाचा गुण आणि दोष

सर्व्हरवरील फाइल आपल्याच यंत्रात असल्यासारखी वापरता यावी म्हणून सनने १९८५ मध्ये ‘एनएफएस’ प्रचारात आणले. त्याच्या रचनेत एक विलक्षण निर्णय होता. कोणत्या यंत्राने कोणती फाइल उघडली आहे याची नोंद सर्व्हरने ठेवावयाचीच नाही, असे कर्त्यांनी ठरविले. प्रत्येक मागणी स्वयंपूर्ण असावी. सर्व्हरने ती पुरी करावी आणि विसरून जावे. त्यामागील हेतू शहाणपणाचा होता. सर्व्हर मध्येच बंद पडून पुन्हा चालू झाला तरी कोणाचे काही हरवत नसे. त्याला काही आठवावयाचेच नसल्यामुळे यंत्रे फक्त थोडी थांबत आणि पुढे चालू लागत.

परंतु हाच गुण नूतनीकरणाच्या वेळी दोष ठरला. स्वतःची डिस्क असलेल्या युनिक्स यंत्रात चालू असलेला कार्यक्रम पुसून त्या जागी नवा ठेवला तरी जुन्या फाइलीचा मजकूर शेवटचा वापरणारा उठेपर्यंत राखून ठेवला जातो. पंगतीत शेवटचा माणूस जेवत असेपर्यंत पान उचलू नये, तसा हा शिष्टाचार. विसरभोळ्या सर्व्हरला कोण जेवत आहे हेच ठाऊक नाही! एका यंत्राने सामाईक कप्प्यातील कार्यक्रम बदलला की तोच कार्यक्रम चालवीत असलेली इतर वीस यंत्रे त्याचे पुढचे पान मागावयास जातात, आणि ‘ही फाइल आता शिळी झाली, तिचा ठावठिकाणा नाही’ असे उत्तर मिळवून कोसळतात. यावर एक तोडगा काढला गेला. उघडी फाइल पुसावयाची वेळ आली की यंत्र ती न पुसता ‘एनएफएस’ अक्षरांनी सुरू होणारे लपलेले नाव देऊन बाजूला ठेवते. पण हे फक्त त्याच यंत्राने पुसले तर घडते. शेजारच्याने पुसले तर त्याचा उपयोग नाही. २००० नंतर आलेल्या चौथ्या आवृत्तीने उघड्या फाइलींची नोंद ठेवण्यास आरंभ केला; परंतु डिस्कविहीन संगणकांच्या व्यवस्थापकांनी तोवर पुष्कळ सोसले होते, आणि जुन्या आवृत्त्याही सर्वत्र चालू राहिल्या.

दोन वह्या, एक कोठार

दुसरा घोटाळा वाटणीचा. १९८८ च्या सनओएस ४ या प्रणालीत फाइलींची नवी मांडणी झाली. सर्वांना समान असलेले कार्यक्रम ‘यूएसआर’ या कप्प्यात, तो सर्वांनी फक्त वाचावयाचा. बदलत राहणाऱ्या नोंदी ‘व्हार’ या कप्प्यात, त्या ज्याच्या त्याने ठेवावयाच्या. आणि प्रत्येक यंत्राचा खासगी मूळ कप्पा सर्व्हरवर वेगळा. एकत्र कुटुंबात कोठार एक पण पेट्या वेगळ्या, तशी ही व्यवस्था. आज ज्याला आपण साधी रीत समजतो तिचा बराचसा जन्म असा डिस्कविहीन यंत्रांच्या गरजेतून झाला आहे.

परंतु पुढे ‘पॅकेज’ आले. कार्यक्रम, त्याची मांडणी आणि बसविताना चालवावयाच्या सूचना यांचे एक गाठोडे, ते पॅकेज. डेबियन ही प्रणाली १९९३ साली सुरू झाली. तिची ‘डीपीकेजी’ ही व्यवस्था कोणते गाठोडे कोणत्या आवृत्तीचे आहे याची वही ठेवते. १९९९ च्या तिच्या आवृत्तीबरोबर ‘एपीटी’ हे साधन आले आणि एका आज्ञेत सारी प्रणाली नवी करण्याची सोय झाली. पण ही वही ठेवली जाते ‘व्हार’मध्ये, आणि कार्यक्रम असतात ‘यूएसआर’मध्ये! म्हणजे कोठार सामाईक आणि वही खासगी. एका यंत्रावरून नूतनीकरण केले की कोठारातील माल नवा होतो, त्या एका यंत्राची वही नवी होते, आणि बाकीच्या सर्व वह्या जुनाच माल आहे असे सांगत राहतात. अशा वेळी दुसऱ्या यंत्रावर काही बसवावयास जावे तर वहीतील हिशेब आणि कोठारातील माल जुळत नाही. पॅकेज रचणाऱ्याने मनात एकच घर, एकच चूल आणि एकच मालक धरलेला असतो. त्याच्या सूचनांतील प्रत्येक गृहीतक डिस्कविहीन यंत्रावर परीक्षेला लागते.

बिघाड शोधावा कसा

आता प्रत्यक्ष बिघाडाकडे वळू. येथे नहरीच्या कारागिराची रीत कामास येते. तो नळापाशी बसत नाही. तपासणीच्या तोंडांतून एकेक टप्पा पाहत जातो, आणि पाणी कोठवर येते व कोठे नाही या दोन जागांमध्येच फूट आहे असे ठरवितो.

पडद्यावर पत्त्यासाठी पुकारा चालू राहून यंत्र तेथेच थांबले, तर प्रणालीच्या नूतनीकरणाला दोष देण्यात अर्थ नाही. पत्ता देणारी सेवा, तार किंवा सर्व्हरवरील भिंत पाहावी. सर्व्हर नवा करताना टीएफटीपीची सेवाच बंद पडली किंवा तिची जागा बदलली, असे पुष्कळदा असते. पत्ता मिळाला, गाभाही आला, पण मूळ फाइलव्यवस्था सापडत नाही असे म्हणून यंत्र थबकले, तर गाभ्याबरोबर येणाऱ्या प्रारंभिक पेटीत पाहावे. ही पेटी नूतनीकरणाच्या वेळी नव्याने बांधली जाते, आणि बांधणारा कार्यक्रम आसपास डिस्क आहे असे समजून जाळेपत्त्याचा चालक आणि एनएफएसचा भाग तीत घालावयास विसरतो. म्हणजे दार उघडण्याची किल्ली घराच्या आत राहते.

याहून फसवा तिसरा प्रकार. यंत्र चालू होते, पण आवाज नाही, माउस हलत नाही, काही साधने दिसतच नाहीत. येथे गाभा एका आवृत्तीचा आणि त्याचे सुटे भाग दुसऱ्या आवृत्तीचे असतात. नूतनीकरणाने नवा गाभा मूळ फाइलव्यवस्थेत ठेवला, जुने सुटे भाग काढून टाकले. पण जाळ्यावरून वाटला जाणारा गाभा टीएफटीपीच्या वेगळ्याच कप्प्यात असतो, आणि तेथे जुनाच पडून राहिलेला असतो. चालू गाभ्याची आवृत्ती विचारावी, सुट्या भागांच्या कप्प्याचे नाव पाहावे, दोन्ही ताडावीत. दोन मिनिटांत निदान होते. न ताडता यंत्र पुन्हा पुन्हा चालू-बंद करणारा मात्र दिवस घालवितो.

चौथा प्रकार चालत्या यंत्रावरच नूतनीकरण करण्याचा. नव्या गाठोड्यांत जाळे सांभाळणारी सेवाही असते. ती नवी झाली की स्वतःला बंद करून पुन्हा सुरू करते. साध्या यंत्रात हा क्षण कोणाच्या लक्षातही येत नाही. येथे त्या क्षणी ज्या तारेवरून मूळ फाइलव्यवस्था येते तीच तुटते, आणि ती पुन्हा जोडणारा कार्यक्रम तिच्या पलीकडे राहतो. बसल्या फांदीवर कुऱ्हाड घालण्याची गोष्ट आपण लहानपणी ऐकली आहे. हे तिचेच नवे रूप. गाठोडी अर्धी उलगडलेली, वही अर्धी लिहिलेली, आणि यंत्र निश्चल!

आणखी दोन लहान पण हटकून आढळणारे घोटाळे सांगतो. सर्व्हर सावधगिरीने यंत्रावरील सर्वाधिकाऱ्याला परका मानतो आणि त्याला ‘नोबडी’, म्हणजे कोणीच नव्हे, या नावाने वागवितो. ही अट मुद्दाम काढली नसेल तर फाइलीची मालकी बदलण्याची प्रत्येक आज्ञा नाकारली जाते आणि गाठोडे बसत नाही. दुसरे असे की, चालू होण्याची व्यवस्था डिस्कवर लिहू पाहणारे गाठोडे डिस्क न सापडल्यामुळे अर्धवट राहते, आणि ते अर्धवट आहे म्हणून त्याच्यावर अवलंबलेली इतर गाठोडीही अडून बसतात. अशा गाठोड्याची या यंत्रात गरजच नाही, हे ओळखून ते काढणे हाच उपाय.

मग नूतनीकरण करूच नये काय?

कंटाळलेला व्यवस्थापक म्हणतो, चालते आहे तर हात लावू नका. हे म्हणणे मोहक आहे, पण टिकणारे नाही. एप्रिल २०१४ मध्ये ‘ओपनएसएसएल’ या गुप्तलेखनाच्या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या साधनातील ‘हार्टब्लीड’ हे छिद्र उघडकीस आले. ज्यांनी तत्परतेने नूतनीकरण केले नाही त्यांची गुपिते उघडी राहिली. येथेच एका उगमाच्या व्यवस्थेचा मोठेपणा दिसतो : तीस यंत्रांच्या प्रयोगशाळेत तीस ठिकाणी न फिरता एका ठिकाणी छिद्र बुजविले की काम भागते. ज्या एका जागेमुळे सर्व बिघडू शकते, त्याच एका जागेमुळे सर्व सुधारूही शकते.

ते सुधारावे कसे याचे उत्तर हळूहळू सापडत गेले. त्याचा एक धागा महाराष्ट्रात दिसतो. पुण्यास १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. तो ट्रान्सप्युटर नावाच्या चिपांचा होता. प्रत्येक चिपेत प्रक्रियक, थोडी स्मृती आणि शेजाऱ्यांशी जोडणारे चार दुवे. त्या दुव्यांवरूनच कार्यक्रम आत घेऊन चालू होण्याची सोय त्या चिपेत जन्मतःच होती. ज्याच्यापाशी साठविलेले काहीच नाही, त्याच्यापाशी जुने असे काही उरत नाही; पुन्हा भरले की ते नवेच असते. नूतनीकरणाचे कोडे सोडविण्याची किल्ली या विचारात आहे.

१९९९ साली जिम मॅक्क्विलन यांनी ‘एलटीएसपी’ हा प्रकल्प पुढे आणला. जुनी, डिस्क काढून टाकलेली यंत्रे एका लिनक्स सर्व्हरवर चालवून शाळांना परवडेल अशी प्रयोगशाळा उभी करावयाची, हा त्याचा उपयोग जगभर झाला. त्याच्या पुढील आवृत्त्यांत चालत्या यंत्राच्या प्रणालीला हात लावणे बंद झाले. सर्व्हरवर प्रणालीची एक प्रत वेगळी ठेवावयाची, तिच्या आत शिरून नूतनीकरण करावयाचे, मग तिची एक गोठविलेली प्रतिमा बनवावयाची, आणि यंत्रांनी पुढच्या वेळी चालू होताना ती प्रतिमा घ्यावयाची. प्रत्येक यंत्राचे तात्पुरते लिखाण स्मृतीत राहते आणि वीज जाताच विरते. कोणाच्या ताटातले काही ओढून घ्यावे लागत नाही. नवी चूकही आली : आत नूतनीकरण करून प्रतिमा पुन्हा बनवावयास विसरणे, किंवा प्रतिमा बनवून गाभा टीएफटीपीच्या कप्प्यात न पोहोचविणे. परंतु या चुका शोधावयास सोप्या आहेत, आणि जुनी प्रतिमा जपून ठेवलेली असेल तर घटकाभरात मागे फिरता येते. जुनी प्रतिमा न पुसणे, नवी आधी एकाच यंत्रावर चालवून पाहणे, आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी नूतनीकरण न करणे, या तीन नियमांत चाळीस वर्षांचा अनुभव साठलेला आहे.

अवलंबून असणाऱ्याचा हक्क

श्रोतेहो, या इतिहासाचा आपल्या आयुष्याशी संबंध काय, असा प्रश्न कोणी विचारील. आज डिस्क स्वस्त झाली आहे. डिस्कविहीन यंत्रे थोड्या ठिकाणी उरली आहेत. परंतु वेगळ्या अर्थाने आपण सर्वच आता डिस्कविहीन होत चाललो आहोत. आपले पैशांचे हिशेब, दाखले, परीक्षांचे अर्ज दूरच्या सर्व्हरवर असतात. महाराष्ट्रात २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. तलाठ्याच्या दारातील कितीतरी खेपा त्यामुळे वाचल्या. पण पीकविम्याच्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी सेवा केंद्रापुढे रांगेत उभ्या असलेल्या शेतकऱ्याला ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ असे ऐकावे लागते, तेव्हा त्याच्या गावी आड नसतो. कोणत्या टप्प्यावर काय तुटले हे त्याला दिसत नाही, खिडकीमागच्या मुलालाही दिसत नाही. आणि तुटले कदाचित एवढ्यासाठीच असेल की दूर कोणीतरी चालत्या प्रणालीवर नवे गाठोडे उलगडले.

उगम ज्याच्या हाती आहे त्याच्याकडून अवलंबून असणाऱ्यास काही मागण्याचा हक्क आहे. बदल करावयाचा तो आधी वेगळ्या प्रतीवर करावा. त्याची वेळ लोकांच्या निकडीची वेळ पाहून ठरवावी आणि आधी सांगावी. जुनी वाट नवी सिद्ध होईपर्यंत बुजवू नये. आणि प्रत्येक टप्प्यावर तपासणीचे तोंड ठेवावे, म्हणजे पाणी कोठवर आले आहे हे शेवटच्या माणसालाही पाहता येईल आणि ‘उद्या या’ याऐवजी त्याला खरे कारण सांगता येईल. शहरे केंद्रावाचून चालत नाहीत, तशी यंत्रांची जाळीही चालणार नाहीत. म्हणून केंद्र मोडा असे मी म्हणत नाही. केंद्र चालविणाऱ्याने टोकाशी उभ्या असलेल्या माणसाच्या मुदतीचा दिवस आपल्या वहीत लिहून ठेवावा आणि त्या दिवशी प्रणालीला हात लावू नये, एवढेच माझे मागणे आहे.